जुन्या प्युजो पिकअपमध्ये डीआय इंजिन: कामाच्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

गाडी महिंद्राची जुनी पिकअप, १९९६ ची, जीपच्या तोंडाची, मागं लोखंडी हौदा. इंजिन प्युजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. आबांनी घेतलेली गाडी आहे. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये देवगड भागातनं हापूसच्या पेट्या फोंडा घाटानं वर आणायच्या आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डात टाकायच्या हे तिचं मुख्य काम, बाकी वर्षभर वैरण, खत, गुळाच्या ढेपा.

इंजिन आता संपलंय. ऑइलचं झाकण काढलं की आतनं धूर फुसफुसत येतो, तीनशे किलोमीटरला लिटरभर ऑइल जातं, सकाळी हीटर (इंजिनातले ग्लो प्लग) दोन-तीनदा तापवल्याशिवाय उचलत नाही. गेल्या आठवड्यात हेड उतरवलं तर दोन वाल्वच्या मधे चीर निघाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारून आलो, बोअर, पिस्टन, नोझल, पंप सगळं धरून ५५ ते ६० हजार, आणि चांगलं हेड मिळेलच असं कोण सांगत नाही.

म्हणून महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल थेट सिलिंडरात मारणारं) इंजिन बसवायचं ठरलं. २५२३ सीसी, टर्बोवालं, बोलेरो आणि पिकअपला यायचं ते. सामान कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं आणि खोलणारा मिस्त्री पण. कागदावर बघितलं तर हॉर्सपॉवर दोघांची जवळपास सारखीच, जुनं ६२ आणि हे ६३. फरक कुठं आहे तर जुन्याची ताकद ४५०० आरपीएमला येते आणि याची ३२०० ला. जुन्याचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८३, याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच, मूळ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन. लांब स्ट्रोक, खालच्या आरपीएमलाच ओढ, कमी फिरणार म्हणजे कमी झिजणार. घाटाला असंच इंजिन पायजे.

अंदाज ७५ हजार आणि तीन आठवडे. आंबा सुरू व्हायच्या आत गाडी रस्त्यावर.

६ मार्च

इंजिन घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन आलो आणि हे पहिलं काम केलं ते बरं झालं. इंजिन बदलणं म्हणजे आरसी बुकातला इंजिन नंबर बदलणं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली त्याला परवानगी लागते. कंपनी तीच आणि इंधन तेच, त्यामुळं आमचं प्रकरण सोपं आहे असं सांगितलं. मागितलं काय तर अर्ज, इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, ज्या गाडीतनं इंजिन निघालं तिचे कागद, आपला इन्शुरन्स, पीयूसी, आणि काम झाल्यावर गाडी समोर उभी करायची. भंगारात बिलाशिवाय इंजिन दहा-बारा हजारानं स्वस्त मिळतं पण ते घेऊ नका, चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडीही जाईल आणि केसही अंगावर येईल.

१० मार्च, रविवार

चार इंजिनं बघितली. पहिल्या दोघांचे कागद नव्हते. तिसऱ्याचा टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) हातानं हलवला तर शाफ्ट वर-खाली खेळत होता. चौथं अपघातात गेलेल्या २००६ च्या बोलेरोचं, गाडी मागनं ठोकलेली, इंजिनाला काही नाही. बॅटरी लावून चालू करून दाखवलं, ऑइलचं झाकण उघडून बघितलं, धूर नाही, झाकण तोंडावर उलटं ठेवलं तर उडालं नाही. पुली धरून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) पुढं-मागं दाबून बघितला, खेळ जाणवला नाही. ४८,००० ला ठरलं, बिल आणि त्या गाडीच्या रद्द आरसीची झेरॉक्स घेतली. टेम्पोचं भाडं १,८००.

त्याच माणसाकडं याचीच गिअरपेटी पण होती, पाच गिअरची, बेल हाउसिंग (पेटी इंजिनाला जोडणारं कवच) आणि क्लचसकट. मी म्हटलं नको, आमची पाच गिअरची पेटी चांगली आहे, तीच जोडू. मिस्त्री तेव्हाच म्हणाले, "घ्या ओ, पेटी इंजिनासंगंच घ्यावी, मागनं लै डोकं खाती." ऐकलं नाही.

१४ मार्च

इंजिन घोडीवर आहे तोवर सगळी सीलं बदलून घेतली. पुढचं आणि मागचं ऑइल सील, सम्पचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग, टॅपेट कव्हर, वॉटर पंप, नोझल चेक करून आणले. ६,४००. मागचं क्रँक सील वरनं चांगलं दिसत होतं तरी बदललं, कारण उद्या ते गळायला लागलं तर पेटी परत उतरवावी लागेल आणि सीलची किंमत त्या मजुरीपुढं काहीच नाही.

१७ मार्च, रविवार

जुनं इंजिन बाहेर. बोनेट, जाळी, रेडिएटर, पुढची पट्टी काढली, एक टनाचा चेन ब्लॉक गोठ्याच्या तुळईला बांधला, तुळईखाली दोन्हीकडं टेकू दिले. सकाळी आठला लागलो, दुपारी तीनला इंजिन आणि पेटी दोन्ही जमिनीवर.

मापं घेतली, पण नेमकी चुकीच्या वेळी घेतली. जुनं इंजिन आत असताना, त्याचं वजन चेसिसवर होतं तेव्हा पुढच्या अॅक्सलपासून सम्पची उंची मोजायला हवी होती, मी इंजिन काढल्यावर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोकळे होऊन पुढचा भाग वर उचलल्यावर मोजली. याचा त्रास ५ मे ला झाला.

२४ मार्च, रविवार

उद्या धुळवड म्हणून आज उरकायचं होतं. डीआयची मागची बाजू आणि प्युजोची पेटी, बोल्टांची भोकं कुठंच जुळत नाहीत. मधे प्लेट लागणार. पुठ्ठ्याचा साचा कापला, दोन्ही बाजूंची भोकं त्यावर मारली आणि उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं दिला. १६ मिलिमीटर जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, ४,५००. क्लच प्लेट इंजिनाच्या मापाची आणि मधला हब पेटीच्या दात्यांचा, असा हब बदलून रिबीट मारून घेतला, १,२००. पेटीच्या शाफ्टचं टोक क्रँकमधल्या बेअरिंगपेक्षा बारीक, म्हणून गनमेटलचा बुश ओतून, घासून, ३५०.

पुठ्ठ्याचा साचा ही पुढच्या महिन्याभराच्या त्रासाची सुरुवात होती, ते १४ एप्रिलला लिहिलंय.

३१ मार्च, रविवार

आरटीओचा परवानगीचा कागद हातात आला.

इंजिन आत टांगलं. फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचे) जुने ब्रॅकेट कापून काढले, डीआयचे रबर घेतले, आणि १० मिलिमीटर प्लेटमधनं नवे ब्रॅकेट केले. इथं एक सांगतो, ब्रॅकेट आधी चेसिसला पक्के वेल्ड करू नका, नुसते टाके मारा, इंजिन-पेटी-रेडिएटर-पंखा-बोनेट सगळं एकदा बसवून बघा, मगच पूर्ण वेल्ड. आम्ही टाके मारले म्हणून वाचलो, नंतर दोनदा जागा बदलावी लागली. रबर आणि ब्रॅकेटचं सगळं मिळून ३,९००.

९ एप्रिल, पाडवा

घरी गुढी उभी केली आणि मग इंजिन स्टार्ट करायला घेतलं. आबा खुर्ची टाकून गोठ्याच्या दारात बसलेले.

नव्या टर्बोला किंवा बरेच दिवस पडून असलेल्या टर्बोला कोरडं फिरवायचं नसतं. टर्बोच्या ऑइलची वरची नळी सोडून आत ऑइल ओतलं, स्टॉप केबल ओढून धरली आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. मग केबल सोडली. दुसऱ्या सेल्फला घेतलं. हीटर नाही, काही नाही. आबा उठून जवळ आले आणि बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

पाच मिनिटात सायलेन्सरमधनं निळा धूर. एवढा की गोठा दिसेना. बंद केलं. मिस्त्रींना वाटलं टर्बो गेला, मलाही पोटात गोळा आला, ४८ हजाराचं इंजिन. टर्बो खोलायच्या आधी नळ्या बघितल्या तर कारण सापडलं. टर्बोमधनं ऑइल खाली सम्पमध्ये परत येतं ते दाबानं नाही, नुसतं वजनानं उतरतं. आम्ही परतीचा पाइप ब्रॅकेटला वळसा देऊन घेतला होता, मधे पोट आलेलं, तिथं ऑइल साचलं, टर्बोत तुंबलं आणि सीलातनं सायलेन्सरकडं गेलं. पाइप सरळ आणि सगळीकडं उताराचा केला. सायलेन्सरमधलं ऑइल जळून जायला अर्धा तास लागला, मग धूर बंद. टर्बो बदलायच्या आधी ही नळी बघा.

१२ एप्रिल

गाडी पहिल्यांदा हलली. ब्रेक एकदम कडक, दगडावर पाय ठेवल्यासारखा. ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप या इंजिनात अल्टरनेटरच्या पाठीमागं असतो आणि त्याला इंजिनातनं ऑइलची नळी जाते. व्हॅक्यूमचा पाइप जोडला होता पण ऑइलची नळी आम्ही ९ तारखेला गळू नये म्हणून बोल्ट मारून बंद केलेली, ती तशीच राहिली. पंप कोरडा फिरला. नशीब, आतल्या पट्ट्या अजून शाबूत होत्या, ऑइल दिल्यावर व्हॅक्यूम आला.

गावाबाहेर जाऊन परत आलो. गिअर पडताना जड, क्लच दाबला की चिर्र आवाज.

१४ एप्रिल, रविवार

आवाज वाढला. पेटी उतरवली. बुशचा चुरा झालेला, दोनच दिवसात. फ्लायव्हीलला (क्रँकच्या मागच्या जड चाकाला) चुंबकाचा स्टँड लावून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) प्लेटच्या मधल्या भोकात फिरवलं तर काटा ०.६ मिलिमीटर फिरला. म्हणजे पेटीचा मध्य इंजिनाच्या मध्यापासनं ०.३ नं बाजूला. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला बुशला मारत होता.

कारण पुठ्ठा. पुठ्ठा ओला-सुका होतो, भोक हातानं पाडलं की अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं होतंच. शिवाय बेल हाउसिंगला बोल्ट फक्त आवळून धरतात, जागेवर ठेवतात ते डॉवेल, म्हणजे नेमक्या मापाच्या खुंट्या, आणि प्लेटमध्ये डॉवेल आम्ही दिलेच नव्हते. हे करायचंच असेल तर प्लेट दोन्ही बाजूंच्या डॉवेलवरनं मापून मशीनवर करून घ्या आणि पेटी चढवायच्या आधी डायल गेज लावा, काटा ०.२ च्या आत आला पायजे असं मिस्त्री धरतात.

लेथवाला परत करून देतो म्हणाला. त्याची चूक नव्हती, मी दिलेल्या साच्याप्रमाणं त्यानं केलं होतं. पण मी कंटाळलो होतो. प्लेट, हब, बुश मिळून ६,०५० रुपये आणि जवळपास तीन आठवडे गेले.

१८ एप्रिल

त्याच माणसाकडं परत गेलो. त्याच्याकडची पाच गिअरची पेटी तोवर विकली गेली होती. चार गिअरची होती, डीआयलाच लागणारी, बेल हाउसिंग आणि प्रेशर प्लेटसकट ११,५००. घाटात पाचवा गिअर लागतो कुठं, असा विचार करून घेतली. नवी क्लच प्लेट ३,२००.

तिकडं देवगडचा आंबा सुरू झाला. पहिल्या भाड्यासाठी फोन आला, नाही म्हणावं लागलं.

२३ एप्रिल

वेल्डर जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलाय, परवा येणार. इकडच्या भागात चैत्र पौर्णिमेच्या आसपास कुठलंही काम ठरवताना हे धरूनच चालायचं, मीच विसरलो. रिकाम्या वेळात वायरिंग केलं. हीटरची रिले आणि जाड वायर काढून टाकली, ऑइल आणि टेंपरेचरचे सेन्सर इंजिनाचे आणि काटे जुनेच ठेवले तर काटा खोटं सांगायला लागला. काटा आणि सेन्सर एका जोडीचेच घ्या. वायरिंगचं १,९००.

२८ एप्रिल, रविवार

पेटी चढली. डॉवेलवर नुसती सरकवून बसली, एकही बोल्ट ओढावा लागला नाही. हे बघितल्यावर १० मार्चला मिस्त्रींचं ऐकायला पायजे होतं हे पुरतं पटलं.

पेटीची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (पेटीपासनं मागच्या अॅक्सलकडं जाणारा दांडा) ६२ मिलिमीटरनं कमी केला. कापून वेल्ड करून बॅलन्स करून दोन्ही टोकांचे क्रॉस (वाकणारे सांधे) नवे, २,६००. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आले पायजेत, हे शाफ्टवर खडूनं रेघ मारूनच कापायला द्या.

सायलेन्सरचा पाइप टर्बोपासनं नवा केला, २,७००. पहिल्यांदा तो ब्रेकच्या नळीपासनं दोन बोटांवरनं गेला होता. इंजिन गरम झाल्यावर नळीला हात लावला तर चटका. ब्रेक ऑइल उकळलं तर उतारावर पाय नुसता खाली जातो, म्हणून पाइप कापून लांबनं घेतला आणि मधे पत्रा मारला.

५ मे, रविवार

गावातल्या स्पीडब्रेकरवर पुढनं टक्क असा लोखंडाचा आवाज. खाली वाकून बघितलं तर सम्पला अॅक्सलचा पोचा. १७ मार्चचं ते माप. पुढं सलग अॅक्सल आणि पाटे आहेत, खड्ड्यात पाटे दबले की अॅक्सल वर येतो आणि आमच्या सम्पच्या खाली जेमतेम ३५ मिलिमीटर राहिले होते.

इंजिन २० मिलिमीटर वर घेतलं आणि १५ मागं. मागं घेतल्यावर पेटीचा दांडा फ्लोअरला लागायला लागला, पत्रा कापला. वर घेतल्यावर पंखा रेडिएटरच्या मध्यात येईना. एक गोष्ट हलवली की चार गोष्टी हलतात, म्हणूनच मी वर लिहिलं की आधी नुसते टाके मारा. पाट्यात एक जास्तीचं पान घातलं. आता हौद्यात चार माणसं उभी करून, बंपरवर दोघांनी उड्या मारून बघितलं, लागत नाही.

७ मे

मतदान. सगळं बंद. कोल्हापुरात सुट्टीच. मिस्त्री, वेल्डर, मी, तिघंही आपापल्या गावात.

१२ मे, रविवार

रेडिएटर. जुनी जाळी दोन रांगांची, डीआयला कमी पडते. शाहूवाडीकडच्या एका चढावर रिकाम्या गाडीचा काटा लालच्या जवळ गेला. तीन रांगांची जाळी जुन्या चौकटीत भरून घेतली, ७,८००, आणि पंख्याला पत्र्याचं कव्हर केलं. कव्हर नसेल तर पंखा त्याच जागची हवा फिरवत बसतो.

तरीही काटा चढला. यावेळी खालचा होज. आम्ही जुना सरळ होज वाकवून घातला होता, इंजिन रेस केलं की वॉटर पंपाच्या ओढीनं तो चपटा व्हायचा, स्लोला परत फुगायचा, त्यामुळं उभ्या गाडीत बघितलं तर सगळं ठीक. मिस्त्रींनी माझ्याकडनं अॅक्सिलरेटर दाबून घेतला आणि होजकडं बोट दाखवलं, तेव्हा कळलं. तयार वाकाचा, आत स्प्रिंग असलेला होज घातला. होज आणि क्लिपा १,४५०. आता काटा मध्याच्या खाली.

१९ मे, रविवार

गाडी पूर्ण तयार, राधानगरी रोडला लांब फेरी. भोगावतीच्या पुढं मोकळा रस्ता मिळाला आणि लक्षात आलं की गाडी ६० च्या पुढं जायला तयारच नाही. जाते, पण इंजिन एवढं ओरडतं की दाबवत नाही. आधी वाटलं डिझेल कमी पडतंय, पंपाची सेटिंग असेल. फिल्टर बदलला, काही फरक नाही.

घरी येऊन वही काढली. मागच्या अॅक्सलचं हाउसिंग (डिफरन्शियल) उघडून दात मोजले, मोठं चक्र म्हणजे क्राउन ४३, त्याला फिरवणारं छोटं पिनियन ८, म्हणजे शाफ्टच्या ५.३७५ फेऱ्यांना टायरचा एक. टायरवर खडूनं खूण केली, गाडी एक फेरा ढकलली, फरशीवर टेपनं मोजलं, २ मीटर १८ सेंटिमीटर. चौथा गिअर सरळ, म्हणजे इंजिन जेवढं फिरतं तेवढाच शाफ्ट. २६०० आरपीएमला ६३ किलोमीटर, ३००० ला ७३. संपलं.

पहिल्या दिवशी मीच लिहून ठेवलंय की जुन्याची ताकद ४५०० ला आणि याची ३२०० ला. ते वाचून मला फक्त ओढ दिसली. जे हाउसिंग ४५०० फिरणाऱ्या इंजिनासाठी दिलेलं होतं ते कमी फिरणाऱ्या इंजिनाला तसंच ठेवलं, आणि वरनं पाचवा गिअर पण घालवला. जुनी पेटी बसली असती तर हे इतकं जाणवलं नसतं. ओढ एवढी आहे की पहिला गिअर आता लागतच नाही, भरल्या गाडीला पण दुसऱ्यात उचलेल. इंजिन बदलायचा विचार करणाऱ्यानं वही घेऊन हा हिशोब पहिल्याच दिवशी करावा, टायरचा घेर, क्राउन-पिनियनचे दात, वरचा गिअर, आणि नवीन इंजिन किती आरपीएमला आरामात चालतं. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटं लागतात. माझा महिना वाचला असता.

दोन मार्ग होते. पाच गिअरची पेटी शोधायची म्हणजे शाफ्ट परत कापायचा, माउंट परत, फ्लोअर परत. किंवा क्राउन-पिनियन बदलायचं. दुसरा घेतला.

२६ मे, रविवार

३९-८ ची जोडी मिळाली, म्हणजे ४.८७५. जुनी पण दात स्वच्छ, ८,५००. क्राउन आणि पिनियन एकत्र घासलेली जोडी असते, एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीच घालू नका, दोन्हीवर कोरलेला नंबर एकच आहे का बघा. बेअरिंग आणि सील २,९००.

हे काम मिस्त्रींनी नाही केलं, कोल्हापुरात फक्त हाउसिंगचं काम करणारे एक वयस्कर फिटर आहेत त्यांना बोलावलं, मजुरी २,५००. दिवसभर बघत बसलो. शेंदूर ऑइलमध्ये कालवून क्राउनच्या दातांना लावला, पिनियन फिरवलं आणि दातावर घासलेला डाग कुठं पडतो ते बघितलं. डाग दाताच्या टोकाकडं पडला, पिनियनच्या मागचा शिम (पातळ चकती) बदलला, परत शेंदूर, परत फिरवलं. पाच वेळा. शेवटी डाग दाताच्या मध्यावर आला, डायल गेजवर खेळ ०.१८. "घाई केली तर हजार किलोमीटरमधी कोकलंल," एवढंच म्हणाले आणि परत शिम मोजायला लागले. मी इतकं मन लावून काम करताना फार कमी माणसं बघितलीत.

आता २६०० ला ७० किलोमीटर. इंजिनाचा आवाज बसून बोलण्यासारखा. स्पीडोमीटर आता कमी दाखवतो, काटा ६० वर असताना मोबाइलवर ६६ येतात, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा.

२ जून, रविवार

पहिले काही दिवस रिकामीच फिरवली, हाउसिंगचं ऑइल बदललं, मग आज भार. आंबा संपला. या हंगामाचं एकही भाडं झालं नाही आणि हा सगळ्यात मोठा खर्च आहे, तो खालच्या हिशोबात लिहिलेला नाही. कणकवलीकडनं साधारण एक टन जांभा चिरा भरला, एका नातेवाइकांच्या घराला हवा होता.

फोंडा घाट खालनं चढायला घेतला तेव्हा ऊन तापलेलं. जुन्या इंजिनाला इथं पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत, दोनदा थांबून, बोनेट उघडून पाणी बघत वर यावं लागायचं, आबा कायम पाण्याचे दोन कॅन ठेवायचे. आज दुसऱ्या आणि तिसऱ्यावर आलो. वळणावर दुसरा, सरळ झालं की तिसरा, १८०० आरपीएमच्या आसपास गाडी नुसती ओढत राहते. काटा मध्याच्या जरासा वर गेला आणि तिथंच थांबला. दाजीपूरला गाडी बाजूला घेतली ती चहासाठी. आबांनी कॅन हातात घेतला, बोनेट उघडलं, बघितलं, आणि कॅन परत ठेवला.

१० जून

आरटीओत गाडी दाखवली. इंजिन नंबर ब्लॉकवर कुठं आहे ते आधी ब्रशनं घासून, पांढरा रंग लावून ठेवा, आमचा ग्रीसखाली होता, पावसात अर्धा तास शोधण्यात गेला. बिलावरचा एक अंक पुसट होता म्हणून दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. इन्शुरन्सवाल्यांना पण लेखी कळवलं. फी वगैरे धरून २,१००.

२७ जून

आरसीवर नवीन इंजिन नंबर चढला.

सगळा हिशोब वहीतनं उतरवतो. इंजिन आणि भाडं ४९,८००. सीलं, नोझल ६,४००. वाया गेलेली प्लेट वगैरे ६,०५०. पेटी आणि क्लच १४,७००. शाफ्ट २,६००. माउंट ३,९००. रेडिएटर, होज ९,२५०. सायलेन्सर २,७००. वायरिंग १,९००. हाउसिंग मजुरीसकट १३,९००. मिस्त्रींची मजुरी १४,०००. आरटीओ २,१००. बेरीज १,२७,३००. जुनं इंजिन आणि आमची जुनी पाच गिअरची पेटी एकाला जीपसाठी हवी होती, १६,००० ला गेली. म्हणजे खिशातनं १,११,३००, आणि तीन आठवड्यांच्या जागी जवळजवळ चार महिने.

राहिलेली कामं: रिव्हर्सचा दिवा लागत नाही, नवीन पेटीचा स्विच वेगळा आहे. ५५ ला फ्लोअरमध्ये थोडी थरथर येते, शाफ्टचा मागचा कोन इंजिन वर घेतल्यामुळं बदललाय असं वाटतं, पाट्याखाली पाचर घालून बघणार. ते झालं की इथंच लिहीन.